दीपगृहावरून बोलतेय

मंगळवार, १२ फेब्रुवारी

जेवताना नवऱ्याने विचारलं, दिवस कसा गेला. मी म्हटलं, बरा. खरं काय ते इथे लिहिते. तिथे बोलले असते तर दोघांचीही ताटं तशीच राहिली असती.

बेटावरून परत येत होते. उतारू नऊ. आमच्या विमानात पायलट एकच, त्यामुळे शेजारची जागाही उतारूलाच मिळते. तिथे एक निवृत्त गृहस्थ मांडीवर झाडाची कुंडी घेऊन बसले होते. हवा स्वच्छ होती. समोर दीपगृह दिसायला लागलं, तसं मी नेहमीप्रमाणे रेडिओवर सांगितलं, दीपगृहावर आहे, उतरायला येते.

आमच्या धावपट्टीला नियंत्रण मनोरा नाही. आधी कोण, नंतर कोण, हे वरून सांगणारं कोणी नाही. आपण कुठे आहोत ते प्रत्येकाने रेडिओवर बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकून आपापलं समजून घ्यायचं. जो आधी ‘दीपगृहावर’ म्हणेल तो आधी उतरतो. म्हणून दीपगृह नुसतं दिसलं की ‘वर’ म्हणून टाकायची इथली जुनी रीत. मीही तेच करते. कोण किती लवकर म्हणतो, हे आम्हाला एकमेकांचं पाठ आहे. ऐकताना तेवढं वजा करायचं.

रुग्णांची ने-आण करणाऱ्या विमानाचा पायलट मात्र बाहेरचा. कधीतरी येतो. त्याने माझं बोलणं जसंच्या तसं घेतलं. मी दीपगृहावर पोचले, म्हणजे माझ्या मागचं आकाश मोकळं. तो त्या मोकळ्या आकाशात आला, आणि तिथे मी होते.

‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असं जवळच्या विमानाची सूचना देणारं यंत्र बोललं. मी बाहेर बघितलं. काही नव्हतं. पुन्हा बघितलं, काही नव्हतं. मग एकदम काच भरून पांढरं पोट. मी विमान खाली दाबलं आणि तो डोक्यावरून गेला. त्याच्या पत्र्यावरचे रिव्हेट दिसले. दोन्ही इंजिनं चालू असताना दुसऱ्याच्या इंजिनाचा आवाज ऐकू आला.

उतरल्यावर कुंडीवाले म्हणाले, “झोका छान दिलात, पण माझी माती सांडली.” मी हसले. बाकीचेही हसले. मग मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

बुधवार, १३ फेब्रुवारी

सकाळी वरच्या कार्यालयाला सगळं कळवलं. लपवलं नाही. रात्रीचं ‘बरा’ दुपारी मागे घेतलं आणि नवऱ्यालाही सगळं सांगितलं. तो म्हणाला, चल दुकानात, डोळे तपासू.

त्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे घरातल्या प्रत्येक संकटावर त्याचा पहिला उपाय हाच. माझे डोळे ठणठणीत निघाले. मी म्हटलं, तक्ता मला पाठ आहे, इतकी वर्षं बघतेय. तो म्हणाला, तेच तर. जुनी गिऱ्हाइकं तक्ता वाचतच नाहीत, आठवतात. म्हणून तो अधूनमधून तक्ता बदलतो. “आणि बदललाय हे आधी सांगतो,” तो म्हणाला. “नाहीतर बिचाऱ्यांना वाटतं, डोळेच गेले.”

एवढ्या वेळात पहिल्यांदा हसू आलं, म्हणून लिहून ठेवलं.

शनिवार, १६ फेब्रुवारी

चौकशी अधिकारी आले होते. शांत माणूस. त्यांनी विचारलं, ‘दीपगृहावर’ म्हणालात तेव्हा नक्की कुठे होतात? मी सांगितलं, अलीकडे, समुद्रावर. दीपगृह फक्त दिसत होतं. त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, इथे सगळेच असं करतात का?

मी म्हटलं, मी माझ्यापुरतं सांगते.

हे बरोबर केलं का? दुसऱ्यांबद्दल त्यांच्या पाठीमागे बोलणं मला जमत नाही. शिवाय त्यात मामाचं नाव आलं असतं. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. साठी झाली. दुसऱ्या कंपनीचं विमान माझी लेक ठकी शिकते त्या कॉलेजच्या गावाहून आणतो आणि वर्षअखेर निवृत्त होणार. मला उडायला त्यानेच शिकवलं. ‘वर’ सगळ्यांत लवकर म्हणणाराही तोच. त्याचं दीपगृह घरातून निघतानाच येतं, अशी इथे थट्टा चालते.

जाताना मी अधिकाऱ्यांना विचारलं, यंत्र बोललं तरी मला ते विमान का दिसलं नाही? ते म्हणाले, या छोट्या यंत्राला अंतर बरं कळतं, दिशा तितकीशी नाही. कोणीतरी जवळ आहे एवढं ते सांगतं. शोधायचं डोळ्यांनीच. आणि डोळ्यांना हलणारं चटकन दिसतं. जे विमान धडकणार असतं ते काचेवर हलत नाही. एका जागी राहतं आणि फक्त मोठं होतं. आधी माशीएवढं, आणि बराच वेळ माशीएवढंच.

हे मी कॉलेजनंतर कधीतरी शिकले होते. पाठ होतं, कळलेलं नव्हतं.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

ठरवलं. आजपासून दीपगृह पंखाखाली आल्याशिवाय ‘वर’ म्हणणार नाही. कोणी पुढे गेलं तर जाऊ दे.

कोणाला सांगितलेलं नाही. दुपारी चहाला मामा होता, दोन-तीन पायलटही होते. बोलावंसं वाटलं. पण ज्याच्या मांडीला मांडी लावून उडायला शिकले त्याला मी रेडिओवर कसं बोलावं हे शिकवायचं? आधीच घाबरलेली बाई, त्यात उपदेश करायला लागली असं झालं असतं. आपण आपलं नीट वागावं. बघणारे बघतील.

मामाने माझ्या प्रसंगाबद्दल एकदाच विचारलं, तेही कपाकडे बघत. “फार जवळ?” मी म्हटलं, रिव्हेट दिसले. त्याने कप खाली ठेवला. एरवी तो अशा वेळी विनोद करतो.

सोमवार, २५ फेब्रुवारी

भीती कमी होईल असं सगळे म्हणतात. ती जागा बदलते, एवढंच. आज घरात जिना उतरताना भिंतीवरचा डाग दिसला आणि मी थांबले. तो हलत नव्हता.

विमानाची काच आता रोज स्वतः पुसते, आतून आणि बाहेरून. काचेवर एकही माशी चिकटलेली राहता कामा नये. मिस्त्री म्हणाले, “मॅडम, रोज पुसून काच झिजली तर बिल तुमच्या नावावर लावतो.” मी त्यांना कारण सांगितलं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी मऊ फडकं आणून ठेवलं, तेही कारण न सांगता.

यंत्र पूर्वीही अधूनमधून बोलायचं. धावपट्टीजवळ आलं की खाली उभ्या असलेल्या विमानांनाही घाबरतं. पूर्वी मला ते लहान मुलासारखं वाटायचं. आता ते बोललं की मी दोन्ही बाजूंना दोनदोनदा बघते. आज ते दोनदा बोललं, दोन्ही वेळा काही नव्हतं. उतरल्यावर हातातला रेडिओचा माईक ठेवता येईना, बोटं सुटेनात.

शुक्रवार, १ मार्च

काउंटरवरच्या वहिनींशी वाद झाला. उतारू उतरून उन्हात उभे, आणि सामानाची गाडी आलीच नव्हती. मी जरा चढ्या आवाजात विचारलं. वहिनी म्हणाल्या, गाडी मी नेहमीच्याच वेळी पाठवते, तुम्ही ‘दीपगृहावर’ म्हणालात की. “आजकाल तुम्ही म्हणता आणि लगेच दारात. मी पदर खोचेपर्यंत विमान उभं.”

मी म्हटलं, वाराच मागून आहे सध्या. त्या म्हणाल्या, असेल बाई, तुमच्या मामांचंही तेच चाललंय.

मागून सॉरी म्हणून आले. त्यांचा काय दोष? वारा तर मलाही दिसत नाही.

गुरुवार, ७ मार्च

ठकीचा फोन आला. दर शनिवारी मी कॉलेजच्या गावाला एक फेरी करते आणि येताना तिला शेजारी बसवून आणते. वसतिगृहातल्या मुलींना ती सांगते, माझी आई मला घ्यायला विमान पाठवते. गेल्या दोन शनिवारी मी तिला परीक्षा, अभ्यास असं काहीबाही सांगून थांबवलं. आज तिने सरळ विचारलं, मला का आणत नाहीस?

काय सांगणार? नऊ परकी माणसं मागे बसवून मी रोज उडते आणि स्वतःच्या मुलीला बसवायला घाबरते. मग त्या नऊ जणांचं काय? त्यांना घरी कोणी नाही? दिवसभर हाच हिशेब मांडत होते. राजीनामा लिहायला बसले. नवरा म्हणाला, लिही, पण माझ्या डोळ्यांच्या तपासणीवर अविश्वास दाखवलास असं मी धरेन. मग गंभीर होऊन म्हणाला, तू भितेस म्हणून तर मला तुझ्या विमानात बसायला भीती वाटत नाही.

वाक्य चांगलं आहे. उपयोग झाला नाही.

शेवटी ठकीला सांगितलं, पुढच्या शुक्रवारी मामाआजोबांबरोबर ये. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. ती म्हणाली, “चालेल. आजोबा गोळ्या देतात, तू नुसत्या सूचना देतेस.” मामाला फोन केला. तो म्हणाला, आणतो की, फुलासारखी आणतो.

फोन ठेवल्यावर हलकं वाटलं. आता निदान तिची काळजी नाही.

शुक्रवार, १५ मार्च

सगळे जिवंत आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

मी बेटावरून येत होते, उतारू आठ. हवेत थोडं धुरकट होतं. रेडिओवर मामाचा आवाज आला, दीपगृहावर आहे. मनात म्हटलं, म्हणजे अजून बराच उत्तरेला, खाडीच्याही पलीकडे. मामाचं ‘वर’ ते. तेवढं वजा केलं. मी खरोखरच दीपगृहाशी पोचत होते, तेव्हा मी पुढे, तो मागे, हे उघड होतं. पंखाखाली पांढरा मनोरा आला आणि मी खरं तेच सांगितलं, दीपगृहावर आहे, उतरायला येते. मामा म्हणाला, ठीक, ऐकलं. आवाजात काही घाई नव्हती.

यंत्र बोललं. पडद्यावर ठिपका डाव्या बाजूला, आमच्याच उंचीवर. मी डावीकडे बघितलं. आकाश रिकामं. ते पुन्हा बोललं. मी पुन्हा डावीकडे बघितलं, आणि मान परत वळवताना उजवीकडे काचेच्या कोपऱ्यात एक माशी दिसली.

आज सकाळी काच मी पुसली होती. दोन्ही बाजूंनी.

ती माशी हलत नव्हती.

पुढचं मी केलं असं म्हणता येत नाही, ते हातांनी केलं. विमान डावीकडे आडवं झालं आणि खाली गेलं. मागे कोणीतरी किंचाळलं. वरून सावली गेली. त्या सावलीचा रंग मला माहीत होता. मामाच्या विमानाच्या पोटावर निळा पट्टा आहे, मी शिकत होते तेव्हापासून.

रेडिओवर मामाचा आवाज आला. त्याने विमानाचा नंबर घेतला नाही, काही नाही. नुसतं म्हणाला, “पोरी, तू कुठे आहेस?”

मी म्हटलं, खाली आहे मामा, तुझ्या खाली. तू सरळ जा.

तो आधी उतरला. मी उतरले तेव्हा ठकी विमानापाशी उभी होती, बॅग पाठीला, गालात गोळी. आजोबांनी तिला शेजारच्या जागेवर बसवलं होतं. ती रडत वगैरे नव्हती. म्हणाली, “आई, मला तू दिसलीस. आधी एक ठिपका होता, मग तो तूच झालीस. मला वाटलं, मला बघायला जवळ आलीस. मी हात केला.”

शनिवार, १६ मार्च

काल पुढचं लिहू शकले नाही.

वहिनींनी ठकीला आपल्याजवळ बसवून घेतलं. मी आणि मामा विमानांच्या शेडमध्ये, जुन्या खुर्च्यांवर. तो रागावेल असं मला वाटलं होतं. किंवा मी रागावेन. आमच्या दोघांच्या मध्ये माझी मुलगी होती, आणि मीच तिला तिथे बसवली होती.

मी म्हटलं, मामा, तू खाडीपलीकडे आहेस असं मी धरलं होतं.

“का?” तो म्हणाला. “मी दीपगृहावर म्हणालो ना.”

“तू नेहमीच म्हणतोस.”

तो म्हणाला, “मी तुला समुद्रावर धरलं होतं. तू दिसलं की बोलतेस. मीच शिकवलंय तुला.”

“मी सोडलं ते, मामा. त्या दिवसानंतर खरं तेच बोलते.”

“मीपण,” मामा म्हणाला. “त्याच दिवसापासून.”

शेडमध्ये मिस्त्री कुठेतरी पाना आपटत होते, तेही थांबले.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? त्याने सांगितलं, तू आधीच हादरलेली होतीस. मी सुधारलो असं सांगितलं असतं तर तुझ्या चुकीवर बोट ठेवल्यासारखं झालं असतं. मग त्याने मला तेच विचारलं, आणि माझं उत्तर जवळपास त्याच शब्दांत होतं. दोघांनी एकमेकांचा मान राखला. वहिनींची सामानाची गाडी तीन आठवडे आम्हाला ओरडून सांगत होती आणि मी वाऱ्याला दोष देत होते. नवऱ्याने तर तक्त्याचं सांगितलं होतं. मी ते हसून वहीत लिहिलं, आणि पुन्हा वाचलं नाही.

माझं खरं बोलणं त्याला खोटं ऐकू येत होतं, कारण त्याचा माझ्यावर विश्वास होता. आणि मी? मी स्वतः खरं बोलायला लागले, पण ऐकताना वजाबाकी सोडली नाही. दुसरं कोणी सुधारू शकेल हे माझ्या मनातच आलं नाही. गेला महिनाभर मी डोळ्यांवर, यंत्रावर, हातांवर, सगळ्यांवर शंका घेतली. या एका गोष्टीवर घेतली नाही.

मामा म्हणाला, “शेवटचं वर्ष आहे, आत्ताच थांबतो.” मी म्हटलं, थांबायचं तर थांब, पण आधी माझ्याबरोबर सगळ्यांसमोर बोल. मी एकटी बोलले तर उपदेश होईल, तू एकटा बोललास तर म्हातारपण म्हणतील.

बुधवार, २० मार्च

अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं, या वेळी माझ्यापुरतं नाही. ते रागावले नाहीत, हे जास्त लागलं.

संध्याकाळी या मार्गावरचे सगळे पायलट काउंटरमागच्या खोलीत बसले. मामा उभा राहिला आणि त्याने आपली थट्टा आपणच सांगितली, घरातून निघतानाच दीपगृह येतं ती. कोणी हसलं नाही. मग त्याने शुक्रवारचं सांगितलं. एकाने हळूच विचारलं, मग आता रोज काय वजा करायचं? मामा म्हणाला, काही नाही. आणि आजपासून काही वजा करायचं नाही हे रोज बोलून दाखवायचं, सगळ्यांच्या अंगवळणी पडेपर्यंत. दिसत असेल तर दिसतंय म्हणा. वर असाल तर वर म्हणा. आणि वर नसाल तर नाही असं तोंडाने म्हणा.

रुग्णविमानाच्या पायलटला मी फोन केला. त्याने सगळं ऐकून विचारलं, म्हणजे मी एकटाच बरोबर ऐकत होतो? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, तरीही मी आता प्रत्येक ‘वर’ दोनदा विचारून घेतो. मी म्हटलं, मीही.

शनिवार, ३० मार्च

ठकीला बसने परत जा म्हटलं होतं, अख्खा दिवस लागला तरी चालेल. ती ऐकेना. तिने बाबांकडून वशिला लावला. शेवटी तिला मीच सोडलं, आणि आज मीच घेऊन आले, शेजारच्या जागेवर बसवून. निघायच्या आधी काच पुसली. उरलेला कोपरा ठकीने फडकं घेऊन पुसला.

वाटेत ती बडबडत होती, मग गप्प झाली. खाडी मागे पडली आणि समोर तो पांढरा मनोरा, काडीएवढा. जीभ सवयीने उचलली गेली. मी ती आवरली.

तेवढ्यात रेडिओवर मामा. आज तो बेटावरून येत होता, त्याच्या उरलेल्या थोड्या फेऱ्यांपैकी एक.

“दीपगृह दिसतंय,” तो म्हणाला. “वर नाही. पुन्हा सांगतो, वर नाही.”

मी बटण दाबलं आणि सांगितलं, मलाही दिसतंय, वर नाही, आधी तू जा. ठकीने माझ्याकडे बघितलं. माझ्या आवाजात काय होतं ते मला माहीत नाही.

मग ती म्हणाली, “आई.” तिचं बोट समोरच्या काचेवर होतं. “हा हलत नाहीये.”

ठिपका. माशीएवढा. यंत्र गप्प होतं. काच आम्ही दोघींनी पुसलेली होती. मी विमान थोडंसं उजवीकडे वळवलं. बाहेरचं काही असतं तर काचेवरून सरकलं असतं. दीपगृह सरकलं, किनारा सरकला.

ठिपका आमच्याबरोबर वळला.

“माशी आहे,” मी म्हटलं. “उडताना चिकटली असेल.”

ठकी हसली आणि खिशातून गोळी काढून तोंडात टाकली. मी विमान पुन्हा सरळ केलं. मग, तिला कळणार नाही इतकं हळू, एकदा डावीकडेही वळवून बघितलं.